पेशंटचे नातेवाईक कोण?

कॅन्सरच्या ओपीडीत नाव पुकारलं की बाकावरून सहसा दोन माणसं उठतात. एकाच्या डोक्याला रुमाल बांधलेला असतो. दुसऱ्याच्या काखेत फाईल, हातात रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी आणि पाण्याची बाटली, वरच्या खिशात दोनदा मोजून ठेवलेले पैसे. आत गेल्यावर पहिल्याला विचारतात, "कुठं दुखतंय? जेवण जातं का?" मग मान वर करून विचारतात, "पेशंटचे नातेवाईक कोण? तुम्ही? इथं सही करा."

सही होते, पुढची तारीख मिळते, दोघं बाहेर येतात. रुमालवाल्याला कसली धास्ती वाटते ते त्या खोलीत निघत नाही. फाईलवाल्याला शेवटची सलग झोप कधी मिळाली तेही निघत नाही. डॉक्टर निष्ठूर असतात म्हणून असं होत नाही. बाहेर आणखी साठ जण बसलेले असतात.

भारतात २०२२ या एका वर्षात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्या प्रत्येकामागे फाईल धरणारं किमान एक माणूस आहे. या दोघांच्या मनाचे हाल कशाने कमी होतात, यावर गेली पन्नासेक वर्षं शिस्तीने संशोधन चालू आहे. त्यातून बरंच ठामपणे कळलेलं आहे आणि जे कळलंय त्यातलं पुष्कळसं महागडंही नाही. ते ओपीडीच्या त्या खोलीपर्यंत पोचलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

न सांगण्याचा काळ

आपल्याकडे कॅन्सर हा शब्द रुग्णासमोर उच्चारत नाहीत. 'गाठ आहे', 'मोठा आजार आहे', फार तर 'टाटाला दाखवायला सांगितलंय'. हा केवळ आपला स्वभाव, असा समज असतो. पण १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा जवळपास ९० टक्के डॉक्टरांनी, कॅन्सरचं निदान रुग्णाला शक्यतो सांगत नाही, असं उत्तर दिलं होतं. तेच प्रश्न १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे पुन्हा विचारले गेले, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत पारडं पूर्ण फिरलं होतं.

निदान उघड झालं तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. सांगितल्यावर त्या माणसाचं काय होतं? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ पासून जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी याच प्रश्नाला वाहून घेतलं. त्यांचे पती जेम्स हॉलंड रक्ताच्या कॅन्सरवरच्या केमोथेरपीच्या आद्य संशोधकांपैकी एक. औषधाच्या चाचण्यांत गाठीचा आकार, रक्तातल्या पेशी, उलट्या, ताप या सगळ्याची नोंद होते आणि रुग्णाला काय वाटतंय याची मात्र होत नाही, ही गोष्ट हॉलंड बाईंना खटकत होती. कॅन्सर आणि मन यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या सायको-ऑन्कॉलॉजी या शाखेच्या त्या जनक मानल्या जातात.

या शाखेतल्या पहिल्या मोठ्या मोजणीचे निष्कर्ष १९८३ मध्ये आले. अमेरिकेतल्या तीन केंद्रांमधले २१५ रुग्ण तपासले, तेव्हा ४७ टक्के रुग्णांमध्ये मानसिक निदान करावं इतका त्रास आढळला. त्यातला बहुतांश वेडाचा किंवा जुन्या मनोविकाराचा नव्हता. आलेल्या संकटाशी जुळवून घेताना होणारी ती ओढाताण होती. पुढे २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ॲलेक्स मिचेल यांनी अशा ९४ अभ्यासांची एकत्र छाननी केली. नैराश्य, चिंता आणि जुळवून घेताना होणारा त्रास असं सगळं धरलं, तर रुग्णालयात उपचार घेणाऱ्या तीस ते चाळीस टक्के रुग्णांना यातलं काहीतरी असतं, असं त्यांना दिसलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर साठ-सत्तर टक्के माणसं हा घाव मानसिक आजाराशिवाय सोसतात. म्हणजे सरसकट सगळ्यांना समुपदेशनाला बसवण्याची गरज नाही. गरज आहे ती कुणाला मदत हवी आहे, हे ओळखण्याची.

कागदावरचा थर्मामीटर

ओळखायचं कसं, यावर निघालेलं उत्तर फार साधं आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी येणारे म्हातारे पुरुष मनाबद्दल काही विचारलं की गप्प होत. 'डिप्रेशन' म्हटलं की, "मी काय वेडा आहे का?" वेदनेच्या बाबतीत मात्र 'शून्य ते दहामध्ये किती?' हा प्रश्न सर्वांच्या अंगवळणी पडला होता. अँड्र्यू रॉथ, हॉलंड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तीच युक्ती मनासाठी वापरली. कागदावर थर्मामीटरचं चित्र. खाली शून्य म्हणजे काही त्रास नाही, वर दहा म्हणजे त्रासाची पराकाष्ठा. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, तुमचा पारा कुठे होता तिथे खूण करा. शेजारी एक यादी. घर, पैसे, रुग्णालयात जाण्या-येण्याची सोय, मुलांकडे कोण बघणार, नोकरी, जोडीदार, भीती, उदासपणा, झोप, तोंडातले फोड, थकवा. जे लागू असेल त्यावर खूण. पारा चार किंवा त्याच्या वर असला, तर पुढची चौकशी करायची. भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने त्या काळात मुद्दामच वैद्यकीय शब्द टाळून 'डिस्ट्रेस' हा चारचौघांचा शब्द निवडला, कारण तो कबूल करताना कुणाला लाज वाटत नाही. मराठीत यासाठी शब्दांचा तुटवडा नाही. माणसं 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाहीत. ती म्हणतात, जिवाला घोर लागलाय, नुसती घालमेल होते, घास उतरत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. जगभर वापरली जाणारी, युरोपात तयार झालेली कॅन्सर रुग्णांच्या जीवनमानाची प्रश्नावली आज मराठीतही उपलब्ध आहे. भाषांतर करताना परीक्षा असते ती इथेच. प्रश्नात 'नैराश्य' आलं की रुग्ण नाही म्हणतो, आणि 'घोर' विचारला की तासभर बोलतो.

पण थर्मामीटर वाटला म्हणजे ताप उतरत नाही. ब्रिटनमध्ये २२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत (२०१३) निम्म्यांना हा कागद भरून घेऊन त्यावर कर्मचाऱ्यांनी बोलायचं आणि निम्म्यांना नेहमीची देखभाल, असं केलं गेलं. दोन्ही गटांच्या मनःस्थितीत फरक पडला नाही. त्याआधी, २०१० मध्ये, कॅनडातल्या कॅल्गरी इथे लिंडा कार्लसन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या व फुप्फुसाच्या कॅन्सरच्या हजाराहून अधिक रुग्णांवर हाच प्रयोग एक पाऊल पुढे नेऊन केला होता. एका गटात कागद भरून झाला की प्रत्येकाशी बोलून, कोणती सेवा हवी ते ठरवून तिथवर पोचवून दिलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत तीन महिन्यांनी फरक दिसला. विचारून सोडून देणं आणि विचारून हात धरून नेणं, यांतलं अंतर या दोन चाचण्यांनी आकड्यांत दाखवलं.

दहा बैठका आणि एक नर्स

हात धरून नेणं म्हणजे नेमकं काय, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. तिथल्या कॅन्सर दवाखान्यांतल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासल्यावर, गंभीर नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना त्यावर कुठलाच परिणामकारक उपचार मिळत नव्हता, असं उघडकीस आलं. मायकेल शार्प, जेन वॉकर आणि सहकाऱ्यांनी मग अशा ५०० रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले.

निम्म्या रुग्णांच्या फॅमिली डॉक्टरांना आणि कॅन्सरतज्ज्ञांना निदान कळवलं आणि उपचार त्यांच्यावर सोपवले. उरलेल्या निम्म्यांना कॅन्सर विभागातलीच, खास शिकवून तयार केलेली नर्स मिळाली. चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा भेटी. या भेटींत बालपण उकरून काढायचं नव्हतं. बाईंना आठ दिवस घराबाहेर पडवलेलं नाही, तर उद्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं का? सगळ्या अडचणींचा ढीग झालाय, तर त्यातली एक उचलून तिचे तुकडे करायचे का? गोळी चालू केली तर घेतली जाते का? नर्सच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ, तो दर आठवड्याला सगळ्यांची प्रगती पाहणार आणि गाडी अडली तर उपचार बदलायला सांगणार. चार महिन्यांनंतरही महिन्याला एक फोन.

सहा महिन्यांच्या आसपास मोजलं, तेव्हा नर्सच्या गटातल्या ६२ टक्के रुग्णांचं नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेलं होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १७ टक्के होतं. मनाच्या उपचारांत एवढा फरक क्वचितच दिसतो. त्यासाठी नवं औषध लागलं नाही. ठरवून दिलेलं काम, ते करायला वेळ असलेलं माणूस आणि पाठपुरावा, एवढ्यावर ते जमलं.

'पॉझिटिव्ह राहा' याचा भार

एका प्रश्नाने या क्षेत्राची दहा-बारा वर्षं खाल्ली. मन शांत असेल तर आयुष्य वाढतं का? १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांचे निष्कर्ष छापले. दर आठवड्याला एकत्र बसून बोलणाऱ्या गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. जवळपास दुप्पट! जगभर आशेची लाट उसळली. मग कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग काटेकोरपणे केला. २००१ मध्ये आलेला निकाल असा की आयुष्य वाढलं नाही. पण त्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्या, आणि सुरुवातीला ज्यांचे हाल जास्त होते त्यांना फायदाही जास्त झाला. पुढे स्वतः स्पीगल यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांनाही आयुष्यवाढ सिद्ध करता आली नाही.

हा निकाल निराशेचा वाटतो, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यात मोठी सुटका आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण "मन खंबीर ठेवा, पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार तिथेच बरा होतो" असं सांगून जातो. आजार वाढला की त्याच वाक्याची सावली उरते, म्हणजे आपणच कुठेतरी कमी पडलो. रडल्याने गाठ वाढत नाही आणि हसल्याने ती विरघळत नाही. घालमेल कमी करायची ती माणसाला होणारा त्रास कमी व्हावा म्हणून, आणि एवढं कारण पुरेसं आहे.

योग, ध्यान, व्यायाम यांच्याबद्दलचे पुरावे असेच मोजूनमापून घ्यायला हवेत. बंगळुरूच्या एस-व्यासा या योग विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या संशोधकांनी मिळून रेडिएशन चालू असलेल्या १६३ स्त्रियांवर चाचणी घेतली (२०१४). नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्या स्त्रियांना स्वतःची शारीरिक स्थिती अधिक सुधारल्यासारखी वाटली. अमेरिकेतच उपचार संपलेल्या ४१० रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीत योगाने झोप सुधारली. शरीराला बरं वाटावं आणि झोप लागावी यासाठी योग उपयोगी आहे, असं यावरून म्हणता येतं. तो केमोच्या जागी उभा राहत नाही.

वेदनेचं खातं

मनाचे हाल निम्मे शरीरातून येतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'टोटल पेन' ही कल्पना मांडली. हाडातली कळ, घरभाड्याची चिंता, मुलीच्या लग्नाची काळजी आणि 'मलाच का' हा प्रश्न यांची वेगवेगळी खाती नसतात, माणसाला ते सगळं एकच दुखणं म्हणून जाणवतं. त्यातून उभं राहिलेलं शास्त्र म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मराठीत परिहार सेवा. 'आता काही करण्यासारखं उरलं नाही' म्हटल्यावर तिथे पाठवायचं, अशी समजूत डॉक्टरांतही होती.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर टेमेल यांनी ती समजूत २०१० मध्ये हलवली. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच निदान झालेले १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासूनच दर महिन्याला परिहार सेवेच्या डॉक्टर-नर्सची भेट. नैराश्याची लक्षणं त्या गटात १६ टक्के रुग्णांत दिसली, दुसऱ्या गटात ३८ टक्क्यांत. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले. तरीही ते जास्त जगले, ११.६ महिने विरुद्ध ८.९.

हाच निकाल सगळीकडे जसाच्या तसा लागू होईल, असं मानता येत नाही, आणि हे दाखवणारा महत्त्वाचा अभ्यास मुंबईचाच आहे. टाटा मेमोरियलमधल्या विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी डोकं व मानेचा, पुढच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या १८० रुग्णांवर लवकर परिहार सेवा देण्याची चाचणी घेतली. २०२१ मध्ये छापलेल्या निकालात जीवनमान किंवा आयुष्य यांत ठळक फरक आढळला नाही. ज्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आहे, तिथे हा निकाल बाजूला सारून चालणार नाही. ज्याला गिळता येत नाही, धड बोलता येत नाही, त्याला बोलक्या भेटींतून किती मिळणार, आणि नेहमीच्या देखभालीत आधीच किती मिळत होतं, असे प्रश्न तो उभे करतो. त्यांची उत्तरं बोस्टनहून येणार नाहीत.

वेदनेच्या बाबतीत मात्र भारताची अडचण शास्त्राची नव्हतीच. औषधासाठी लागणाऱ्या अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तरी १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंगल वाढवलं की रुग्णालयांनी मॉर्फिन हे अफूपासून मिळणारं वेदनाशामक ठेवणंच सोडून दिलं. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा २०१४ मध्ये त्या कायद्यात सुधारणा झाली. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला समुपदेशन देण्यात अर्थ नसतो. आधी कळ थांबवावी लागते.

"त्यांना काही सांगू नका"

आपल्याकडच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसते. उपचार घेणाऱ्यांपैकी फार मोठ्या गटाला, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास, आपल्या आजाराचं नाव माहीत नसतं. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि म्हणतो, "साहेब, बाबांना काही सांगू नका. खचतील." डॉक्टर मान हलवतात. आत बाबा छतातल्या पंख्याकडे बघत पडलेले असतात. वॉर्डातले सगळे कॅन्सरचे, दारावरची पाटी कॅन्सरची, केस गळलेले. त्यांना कळलेलं असतं. मुलाला त्रास नको म्हणून तेही विचारत नाहीत.

सांगितल्याने माणूस खचतो, या भीतीला तपासून पाहणारा एक अभ्यास अमेरिकेत झाला. २००८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात बरा न होणारा कॅन्सर असलेले ३३२ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं होती. शेवटाबद्दल डॉक्टरांशी मोकळं बोलणं झालेल्या रुग्णांत नैराश्य किंवा चिंता जास्त आढळली नाही. त्यांच्या वाट्याला व्हेंटिलेटर आणि आयसीयू कमी आले. ज्यांचे शेवटचे दिवस आक्रमक उपचारांत गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांत काही महिन्यांनी नैराश्याचा धोका अधिक होता. म्हणजे न बोलण्याची किंमत पुढे घरच्यांनाच चुकवावी लागते.

यावरून उद्यापासून प्रत्येकाला सगळं सांगून टाका, असा नियम निघत नाही. किती ऐकायचं हे रुग्ण ठरवतो आणि तो हक्क त्याचाच. ऑस्ट्रेलियात जोसेफिन क्लेटन, फिलिस ब्युटो आणि सहकाऱ्यांनी काढलेली वाट आपल्याला जमण्याजोगी आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्ण आणि नातेवाईक यांच्या हातात प्रश्नांची छापील यादी द्यायची. हे औषध कशासाठी, पुढे काय होईल, घरी दुखायला लागलं तर कुणाला फोन करायचा. ज्याला जो विचारावासा वाटेल तो त्याने विचारावा. २००७ मध्ये १७४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत यादी मिळालेल्यांनी इतरांच्या दुप्पट प्रश्न विचारले. मुलाला जे तोंडाने विचारवत नाही ते कागद विचारतो.

उस्तवार करणाऱ्याचं काय?

टोरोंटोमध्ये २००७ साली छापलेल्या एका अभ्यासात पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांसोबत त्यांचे जोडीदारही तपासले. रुग्णांपैकी २३ टक्क्यांत नैराश्याची ठळक लक्षणं होती आणि जोडीदारांपैकी जवळपास ३९ टक्क्यांत. आजारी एकजण होता, पण अधिक जण खचलेले होते ते त्याच्या शेजारी बसलेले. १९९९ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वेगवेगळ्या आजारांच्या जोडीदाराला सांभाळताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा मृत्यूचा धोका, तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त दिसला.

जोडप्यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करून नेदरलँड्सच्या मारिएट हेजडॉर्न यांनी २००८ मध्ये आणखी एक बाब दाखवली. कोण रुग्ण आणि कोण सांभाळणारं, यापेक्षा कोण स्त्री आणि कोण पुरुष, यावर त्रासाचं प्रमाण अधिक ठरतं. बाई आजारी असो वा आजाऱ्याची बायको, ओझं तिच्याकडे झुकतं. आपल्या घरांत हे समजावून सांगावं लागणार नाही. नवऱ्याला केमो असताना डबा, मुलांची शाळा, सासूची गोळी आणि पैशाची जुळवाजुळव तीच करते. तिची स्वतःची केमो असते, तेव्हाही सकाळची पोळी पुष्कळदा तिचीच असते.

तिला मदत करता येते, याचे पुरावे आहेत. लॉरेल नॉर्थहाउस यांनी २०१० मध्ये सांभाळणाऱ्यांसाठीच्या २९ चाचण्यांचा लेखाजोखा मांडला. ओझं, ताण आणि हतबलता यांत बेताची पण खरीखुरी घट दिसली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर या डोंगराळ राज्यात मेरी बाकिटास आणि सहकाऱ्यांनी हे फोनवरून केलं. नर्सने सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्याला एक असे तीन फोन करायचे, आजाऱ्याबद्दल नव्हे, तिच्याबद्दल. अडचणी कशा सोडवायच्या, स्वतःचं खाणं-झोप कशी सांभाळायची, मदत मागायची कशी. त्यानंतर महिन्याला एक फोन, आणि माणूस गेला तर त्यानंतरही एक. या चाचणीत १२२ सांभाळणारे होते. ज्यांना हे फोन निदानानंतर लगेच मिळाले, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं तीन महिने थांबून मिळालेल्यांपेक्षा कमी होती. डोंगरातल्या गावाला जे फोनवर मिळालं ते गडचिरोलीला किंवा मुरबाडला मिळू नये, असं तंत्रज्ञानात काही नाही.

शेवटचा प्रश्न

बरं होणार नाही हे कळल्यावर उरतो तो अर्थाचा प्रश्न. कॅनडातल्या विनिपेगचे हार्वे चोचिनोव्ह रुग्णांना विचारतात, तुमच्या आयुष्यातलं काय तुमच्या माणसांनी लक्षात ठेवावं? उत्तर ध्वनिमुद्रित करून, नीट लिहून काढून, ते कागद रुग्णाच्या हाती देतात. या 'डिग्निटी थेरपी'ची ३२६ रुग्णांवरची चाचणी २०११ मध्ये आली. मोजपट्ट्यांवर नैराश्य फारसं घटलं नाही. पण रुग्णांनी सांगितलं की ते उपयोगी पडलं आणि आपल्या माणसांनाही पडेल. टोरोंटोच्या गॅरी रॉडिन यांच्या 'काम' (CALM) या तीन ते सहा भेटींच्या पद्धतीने ३०५ रुग्णांत नैराश्याची लक्षणं कमी झाली. याच त्रासासाठी सायलोसायबिन या मशरूममधल्या द्रव्याचे २०१६ मधले दोन अमेरिकी प्रयोग गाजले, पण त्यांत ५१ आणि २९ इतकेच रुग्ण होते.

आपल्या हाताशी असलेली साधनं वेगळी आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्ला परिहार केंद्र १९९७ पासून चालू आहे. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या दवाखान्यातून गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं आणि २००८ मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचं स्वतःचं धोरण केलं. तिथे घरी येणारा माणूस शेजारचाच असतो, म्हणून त्याला मोजपट्टीची गरज कमी पडते. मुंबईत लांबून आलेल्या कुटुंबाच्या यादीत पहिली खूण राहण्याच्या जागेवर पडते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं सदन, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं यांना कुणी मनाचे उपचार म्हणत नाही. रात्री पदपथावर झोपावं लागलं नाही आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने "माझ्या पोरालाही असंच झालं होतं, तिसऱ्या केमोनंतर तोंडाला चव आली" असं सांगितलं, म्हणजे पारा दोन अंशांनी तरी उतरतो. हा उतार किती, किती दिवस टिकतो, कुणासाठी, हे मराठी बोलणाऱ्या रुग्णांमध्ये आणि त्यांच्या माणसांमध्ये शिस्तीने मोजायला हवं. त्यासाठी लागणारं सामान फार नाही. नर्सच्या टेबलावर एक कागद, शून्य ते दहा, आणि तो दोन प्रतींत. एक पेशंटसाठी, एक नातेवाइकासाठी.